लपवलेले दुखणे



शेतात कपाशी उभी आहे. पाने हिरवीगार आहेत. बोंडे धरली आहेत. बांधावरून पाहिले तर पीक झकास दिसते. पण जाणता शेतकरी बांधावरून पाहून घरी जात नाही. तो आत शिरतो. चार ठिकाणची बोंडे तोडतो, फोडून पाहतो. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही, हे त्याला ठाऊक असते. ती आत बसून सरकी खाते. ती दिसू लागते तोवर पीक हातचे गेलेले असते.

माणसाच्या शरीरातही असे काही रोग शिरतात. ते स्त्रीपुरुषांच्या संबंधातून एकाचे दुसऱ्याला लागतात. आपण त्यांना गुप्तरोग म्हणतो. पुष्कळदा ते बाहेरून दिसत नाहीत. तपासणी केली तरच कळतात. ही तपासणी कुठे होते, कशी होते, तिला किती पैसे पडतात आणि ती का करावी, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

विषय लाजेचा आहे, असे तुम्हाला वाटेल. चारचौघांत वाचायला संकोच वाटला तर एकट्याने वाचा. पण वाचा. दात दुखला तर आपण सांगतो. पोट दुखले तर सांगतो. मग शरीराच्या याच भागाने काय गुन्हा केला आहे?

१. हे रोग कोणते?

हे रोग काही एक-दोन नाहीत. मुख्य तेवढे सांगतो.

गरमी, म्हणजे उपदंश. डॉक्टर त्याला सिफिलिस म्हणतात. हा रोग आपल्याकडे फार जुना. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकाच्या ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटले आहे. फिरंगी लोकांबरोबर तो इकडे आला, म्हणून हे नाव पडले.

परमा, म्हणजे गोनोरिया. यात पुरुषाला लघवी करताना आग होते, पू येतो. संबंध आल्यानंतर बहुधा दोन ते सात दिवसांत हा त्रास सुरू होतो.

क्लॅमिडिया नावाचा एक रोग आहे. तो परम्यासारखाच, पण त्याहून गुपचूप राहणारा. नागीण जशी अंगावर उठते तसे बारीक फोड गुप्तांगावर उठतात, त्या रोगाला हर्पिस म्हणतात. गुप्तांगावर चामखिळीसारखे मोड येतात, तो आणखी एक रोग. जांघेत गाठ येऊन ती दुखते, तिला बद म्हणतात. कावीळ 'ब' हाही असाच पसरतो.

आणि एचआयव्ही. हा विषाणू शरीराची रोगाशी लढण्याची ताकद हळूहळू खाऊन टाकतो. औषध घेतले नाही तर पुढे एड्स होतो. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासून तो शोधला. तपासले नसते तर तो कितीतरी दिवस कोणालाच कळला नसता.

२. फोड गेला, रोग गेला नाही

गरमीचेच उदाहरण घेऊ. या रोगाचे जंतू शरीरात शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी गुप्तांगावर एक फोड किंवा चट्टा येतो. कधी दहा दिवसांत येतो, कधी तीन महिने लागतात. बहुधा तो दुखत नाही. बाईला तो आतल्या बाजूस आला तर दिसतही नाही. काही आठवड्यांनी तो आपोआप बरा होतो. माणूस म्हणतो, "चला, बरे झाले. उष्णता होती, गेली."

पण रोग गेलेला नसतो. तो रक्तात उतरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येते. तेही जाते. मग वर्षानुवर्षे काहीच नाही. माणूस शेतात राबतो, लग्नकार्यात मिरवतो, धडधाकट दिसतो. आत मात्र रोग असतो. औषध न घेणाऱ्या काही जणांच्या हृदयाला, मेंदूला, डोळ्यांना तो पुढे कितीतरी वर्षांनी गाठतो.

एचआयव्हीचेही तसेच. शरीरात शिरल्यावर आठ-दहा वर्षेसुद्धा माणूस चांगला दिसू शकतो. तेवढ्या काळात तो रोग नकळत दुसऱ्याला देऊ शकतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की "मला काही होत नाही, मग तपासू कशाला?" असे म्हणू नका. यातल्या पुष्कळ रोगांत काहीच होत नाही, हीच तर खरी फसगत आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण अब्रूला ठीक आहे. रोगाला ती लावू नये.

३. बाईचे दुखणे कोण विचारतो?

पुरुषाला पू येतो, आग होते, म्हणून तो निदान धावपळ तरी करतो. बाईला परमा झाला तर पुष्कळदा तिला काहीच कळत नाही. किंवा अंगावरून थोडे पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर दुखते. ती म्हणते, "बाईच्या जातीला हे असायचेच." आणि ती दुखणे अंगावर काढते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती माहिती १९८९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा संबंधातून लागणारा रोग, असे काही ना काही होते. यातले सगळेच आजार संबंधातून लागलेले नव्हते. पण या दुखण्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. बाकीच्या सोसत होत्या, आणि कोणी विचारत नव्हते.

नुसते पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोग असे समजू नका. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडे पातळ, वास नसलेले पाणी जाणे साधे आहे. पण त्याला घाण वास येऊ लागला, रंग पिवळा-हिरवा झाला, खाज सुटली, ओटीपोटात दुखू लागले, संबंधाच्या वेळी दुखले किंवा रक्त गेले, तर तपासून घ्यावे.

न तपासल्याने काय होते? परमा किंवा क्लॅमिडिया वर चढून गर्भनळ्यांना सूज आणतो. सूज जाते, पण नळ्या चिकटून बंद होऊ शकतात. मग मूल राहत नाही. घरात बोलणी सुरू होतात. बाईला वांझ म्हणतात. देवऋषी होतो, अंगारा होतो, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघतात. ज्या रोगाने नळ्या बंद झाल्या तो कदाचित नवऱ्याकडून आलेला असतो. पुरुषाच्या वीर्यातही दोष असू शकतो. पण तपासणी कोणाचीच होत नाही, आणि शिक्षा एकट्या बाईला होते. वेळेवर तपासणी आणि थोड्या दिवसांचे औषध एवढ्याने हा सगळा कलह टळू शकतो.

४. पोटातल्या बाळासाठी

गरमी झालेली आई पोटुशी राहिली, आणि तिला औषध मिळाले नाही, तर गर्भ पडू शकतो. मूल मेलेले जन्मू शकते. जगले तर आंधळे, बहिरे किंवा हाडांचा दोष घेऊन येऊ शकते. एका बाईचे दोन-तीन वेळा असे झाले की गाव म्हणतो करणी झाली, नजर लागली. रक्ताची तपासणी कोणी सुचवत नाही.

आईला एचआयव्ही असून औषध घेतले नाही, तर बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना तो लागतो. आईने औषध नियमित घेतले आणि जन्मल्यावर बाळालाही औषध दिले, तर शंभरातल्या पाचांहून कमी बाळांना लागतो. एवढा मोठा फरक फक्त तपासणीमुळे पडतो.

म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि गरमी या दोन्हींची रक्ततपासणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी. आशाताई किंवा नर्सबाई तुमचे नाव नोंदवतात तेव्हा त्यांना विचारा, "बाई, माझी ही तपासणी झाली का?" असे विचारण्यात आगाऊपणा नाही. तो तुमचा हक्क आहे. बाई पोटुशी असताना नवऱ्यानेही आपले रक्त तपासून घ्यावे.

५. कुठे जावे?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बहुधा एक खोली असते. तिच्यावर पाटी असते: 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र'. नाव लांबलचक आहे. लोक तिला 'आयसीटीसी' म्हणतात. समुपदेशन म्हणजे शांतपणे बसवून, समजावून दिलेला सल्ला. या केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते.

जिल्हा रुग्णालयात आणि पुष्कळ उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असते. तेथे खास गुप्तरोगांसाठी सल्ला, तपासणी आणि औषध मिळते. तेही फुकट.

पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोटाला सुई टोचून पहिली तपासणी करतात. तिच्यात काही आढळले तर पुढच्या केंद्राकडे पाठवतात.

जवळचे केंद्र कोणते हे ठाऊक नसेल तर १०९७ या नंबरवर फोन करा. हा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या भावा-बहिणींना आम्ही एक सांगतो. तुम्ही सहा-सहा महिने गावाबाहेर असता. फडावर असताना त्रास झाला तर गाव परत येण्याची वाट पाहू नका. कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयातही हीच सोय असते. कागदपत्रे मात्र जपून ठेवा, आणि दुसऱ्या ठिकाणी गेलात की दाखवा.

आपल्याच तालुक्यात ओळखीचे भेटतील असे वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्यात जा, जिल्ह्याला जा. पण जा.

६. तेथे गेल्यावर काय होते?

पुष्कळ माणसे दारापर्यंत जातात आणि परत फिरतात. आत काय होणार हे ठाऊक नसते, म्हणून भीती वाटते. तेव्हा क्रमाने सांगतो.

आधी केसपेपर काढायचा. खिडकीवर आजाराचे नाव मोठ्याने सांगण्याची गरज नाही. "आयसीटीसीला जायचे आहे" किंवा "डॉक्टरांना भेटायचे आहे" एवढे पुरे.

मग समुपदेशक तुम्हाला खोलीत बसवतात. दार लोटलेले असते. ते विचारतात, काय त्रास होतो? कधीपासून? संबंध कोणाशी आले होते? निरोध वापरला होता का? पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील, किंवा कोणी तृतीयपंथी असेल, तरी बिचकू नये. हे प्रश्न चौकशीसाठी किंवा टोमणे मारण्यासाठी नसतात. खरे सांगितले तर तपासणी नेमकी होते. खोटे सांगितले तर औषध चुकते.

मग तुमची संमती घेतात. एचआयव्हीची तपासणी जबरदस्तीने करायची नसते. काय तपासणार हे समजून घेऊन तुम्ही हो म्हटल्यावरच ती करतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकाची संमती लागते.

मग दंडातून थोडेसे रक्त घेतात. एका लहान चमच्याएवढे. सुई नवीन पाकिटातून काढलेली असावी. ती तुमच्यासमोर फोडायला सांगा. फोड किंवा स्राव असेल तर डॉक्टर तो भाग पाहतात. कधी कापूस लावलेल्या काडीवर स्राव घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बाईची तपासणी करताना जवळ दुसरी बाई, म्हणजे नर्स, असावी. नसेल तर तसे सांगावे. संकोच करू नये.

सुरक्षा क्लिनिकमध्ये कधी कधी लक्षणे पाहूनच त्याच दिवशी औषध देतात. निरनिराळ्या त्रासांसाठी निरनिराळ्या रंगांची पाकिटे असतात. तुम्हाला वाटेल, रिपोर्ट आल्यावाचून औषध कसे? त्याचे कारण असे. रिपोर्टसाठी थांबवलेला माणूस पुष्कळदा परत येतच नाही, आणि रोग पसरवत राहतो. म्हणून जो रोग असण्याचा संभव आहे त्यावर लगेच उपचार करतात. पाकिटातल्या सगळ्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्यायच्या. बरे वाटले म्हणून निम्म्यावर सोडायच्या नाहीत. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट चिवट होतात. आणि शेजाऱ्याला लागू पडलेले पाकीट आपण आणून खायचे नाही.

७. रिपोर्ट कसा वाचावा?

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा रिपोर्टवरचे चार शब्द समजून घ्या.

'व्हीडीआरएल' किंवा 'आरपीआर' असे लिहिले असेल तर ती गरमीची तपासणी. 'एचआयव्ही' हे तर कळेलच. 'नॉन-रिॲक्टिव्ह' म्हणजे रक्तात रोगाची खूण सापडली नाही. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे खूण सापडली.

एचआयव्हीची पहिली तपासणी रिॲक्टिव्ह आली म्हणजे लगेच शिक्कामोर्तब होत नाही. त्याच रक्ताची आणखी दोन निराळ्या प्रकारांनी तपासणी करतात. तिन्ही जुळल्यावरच रोग आहे असे सांगतात. म्हणून एका कागदावरून कोणी हाय खाऊ नये.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. जंतू आज शिरला म्हणून उद्या रक्तात त्याची खूण दिसत नाही. पेरले की लगेच उगवत नाही, तसेच हे. खूण दिसायला काही आठवडे लागतात. एचआयव्हीसाठी हा काळ तीन महिने धरतात. म्हणून धोका नुकताच घडला असेल, आणि रिपोर्ट चांगला आला असेल, तरी तीन महिन्यांनी परत तपासावे. मधल्या काळात निरोध वापरावा.

एखाद्या बाईवर अत्याचार झाला असेल, किंवा दुसऱ्याला टोचलेली सुई कोणाला लागली असेल, तर मात्र थांबायचे नाही. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, आणि २८ दिवस घ्यावे लागते. ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. जितके लवकर जाल तितके चांगले.

८. रोग निघाला तर?

निघाला तर आभाळ कोसळले असे समजू नका.

एके काळी गरमीवर पारा देत. दात पडत, तोंड येत, आणि माणूस औषधानेच अर्धा होई. १९२८ साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. १९४३ साली अमेरिकेत त्याने गरमी बरी होते असे दिसून आले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने पेनिसिलिनचा कारखाना स्थापन केला. आजही गरमीवर पेनिसिलिनच देतात. रोग नवा असेल तर एका वेळच्या इंजेक्शनाने काम होते. जुना असेल तर आठवड्याला एक याप्रमाणे तीन. पुढे काही महिन्यांनी रक्त परत तपासून रोग गेल्याची खात्री करतात. परमा आणि क्लॅमिडियाही औषधाने बरे होतात. हर्पिस मुळापासून जात नाही, पण त्याचा त्रास आटोक्यात राहतो. चामखिळीसारख्या मोडांचा विषाणू आणि बायकांना होणारा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, यांचे नाते एकाच घराण्यातले आहे. म्हणून तिशी उलटलेल्या प्रत्येक बाईने गर्भाशयाचे मुखही तपासून घ्यावे.

एचआयव्ही शरीरातून पुरता जात नाही. पण त्याला दाबून ठेवणारे औषध आहे. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकार ते फुकट देऊ लागले. जिथे ते मिळते त्याला 'एआरटी केंद्र' म्हणतात. आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती रोज, जन्मभर, न चुकता घ्यायची. तसे केले तर माणूस कष्ट करतो, संसार करतो, म्हातारा होतो. औषधाने रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मोजणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

९. दोघांचे औषध एकदम

गाईच्या अंगावरच्या गोचिडी काढल्या, औषध लावले, आणि तिला पुन्हा त्याच गोठ्यात गोचिडीने भरलेल्या बैलाशेजारी बांधले, तर काय होईल? आठ दिवसांत गाय होती तशी.

गुप्तरोगाचेही तसेच आहे. नवऱ्याने गुपचूप औषध घेतले, बायकोला सांगितले नाही, तर तो बरा होतो, आणि तिच्याकडून त्याला रोग परत लागतो. म्हणून दोघांनी एकाच वेळी तपासावे, एकाच वेळी औषध घ्यावे. औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध ठेवू नये.

"पण सांगायचे कसे? घरात भांडण होईल." हा प्रश्न खरा आहे. तो आम्ही उडवून लावत नाही. रोग कोणापासून आला हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही. तो लग्नाआधीचाही असू शकतो, वर्षानुवर्षे लपून राहिलेला. ज्याला आधी कळले त्यानेच आणला, असेही नसते. बाई पोटुशी असताना तपासली जाते, म्हणून तिचा रोग आधी कळतो, आणि दोष तिच्या माथी येतो. हा अन्याय आहे. सांगणे जड जात असेल तर समुपदेशकाची मदत घ्या. जोडीदाराला घेऊन या, ते दोघांना समजावून सांगतात. घरी मारहाणीची भीती असेल तर तेही त्यांना आधी सांगा.

१०. गावात कळेल का?

तपासणीला न जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. रोगापेक्षा माणूस लोकांच्या तोंडाला अधिक भितो.

म्हणून कायदा झाला आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्स यांविषयी कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्याने तुमच्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट तुमच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणे, मुलाला शाळेत न घेणे, रुग्णालयातून परत पाठवणे, भाड्याच्या घरातून हाकलणे, हे बेकायदा आहे. एक अपवाद आहे. जोडीदाराला मोठा धोका असेल, आणि समजावूनही रुग्ण त्याला सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाला आधी कळवून जोडीदाराला सांगू शकतात.

कायदा आपले काम करील. गावानेही आपले करावे. एचआयव्ही एका ताटात जेवून लागत नाही. एका विहिरीचे पाणी पिऊन, हातात हात घेऊन, मुलांनी एकत्र खेळून, डास चावून लागत नाही. मग अशा माणसाला वाळीत टाकायचे कारण काय? एकाला वाळीत टाकलेले पाहिले की दुसरे दहा जण तपासणीला जात नाहीत. त्यांचा रोग लपून राहतो, आणि गावात पसरतो. म्हणजे वाळीत टाकणारे गाव स्वतःचेच नुकसान करून घेते.

११. जाहिरातींना भुलू नका

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतीवर जाहिराती दिसतात. 'गुप्तरोग, एका आठवड्यात खात्रीने बरा.' तेथे हजारो रुपये घेतात. पुडी देतात. पुडीत काय आहे हे सांगत नाहीत. रक्त तपासत नाहीत. फोड तर आपोआपच जाणार असतो. तो गेला की पुडीचा गुण आला असे वाटते. रोग आत राहतो, आणि पैसे बाहेर जातात. जो तपासल्याशिवाय खात्री देतो, त्याच्या दारात उभे राहू नये.

लाजेपायी माणसे अशांच्या तावडीत सापडतात, हे आपल्याकडच्या एका माणसाने फार पूर्वी ओळखले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, ते १९५३ साली वारले तोपर्यंत. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे त्यांनी मराठीत उघडपणे लिहिले. लोकांनी शिव्या दिल्या. अश्लील लिहितात म्हणून खटले भरले. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला. पण मासिक बंद पडले नाही. त्या काळी तपासणी सोपी नव्हती, औषध धड नव्हते. आज दोन्ही तालुक्याच्या गावी आहे, आणि फुकट आहे.

१२. ध्यानात ठेवा

गुप्तांगावर फोड, लघवीला आग, पू, वास येणारे पांढरे पाणी, ओटीपोटात दुखणे, जांघेत गाठ, यांपैकी काही दिसले तर आठवडाभरही थांबू नका.

काहीच दिसत नसले, पण निरोधावाचून धोक्याचा संबंध आला असेल, तरी तपासा.

पोटुशी बाईने तपासावे. तिच्या नवऱ्याने तपासावे. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी आपण होऊन तपासले तर फार चांगले. मात्र कोणी कोणावर जबरदस्ती करू नये.

निरोध प्रत्येक वेळी वापरावा. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो.

१३. वर्गात बोला

(पुरुषांनी आणि स्त्रियांनी वेगवेगळे बसून बोलले तरी चालेल.)

आपल्या गावाहून सर्वांत जवळचे तपासणी केंद्र कोणते? तेथे जायला एस.टी. किती वाजता आहे? परतीची कधी?

ते केंद्र कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत उघडे असते? कोण विचारून येईल?

एकटीला जायचे म्हटले तर बाईला घरून परवानगी मिळते का? मिळत नसेल तर तिच्याबरोबर कोण जाईल?

१०९७ हा नंबर प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून घ्यावा.